संकष्टीचा उशीर आणि समुद्राचं उधाण

वैशाखातली संकष्टी. गिरगावातल्या एका चाळीच्या तिसऱ्या मजल्यावरची गॅलरी, रात्रीचे दहा वाजून गेलेले. कठड्याशी एक काकू तबक घेऊन उभ्या. तबकात दूर्वा, एक जास्वंद, अर्घ्याला पाण्याचा गडू. आतून उकडीच्या मोदकांचा वास येतोय आणि समोरच्या इमारतीमागचं आकाश नुसतंच राखाडी. काकू शेजारच्या आजींना म्हणाल्या, "दिवाळीच्या आधीच्या संकष्टीला पावणेनऊला पानं वाढली होती हो आजी. आज सव्वादहा होत आले. उपास तोच, चतुर्थी तीच, मग याला एवढा उशीर का?" आजींनी क्षणभरही न थांबता उत्तर दिलं, "लांब गेला असेल गं तो, यायला वेळ लागतोय."

हे उत्तर मनात राहून गेलं. चंद्र वर्षभरात खरोखरच लांब जातो आणि जवळ येतो, आणि हा फरक पन्नास हजार किलोमीटरच्या घरातला आहे. आजींना हे कुणी शिकवलं नसणार, तरी त्यांच्या बोलण्यात ते आलं. पण संकष्टीच्या उशिराशी या अंतराचा संबंध त्यांना वाटला तसा नाही, जवळजवळ उलटा आहे. मुंबईत राहून चंद्राचं अंतर कळून घ्यायचं असेल तर आकाशाकडे बघून फारसं हाती लागत नाही. ते भिंतीवरच्या दिनदर्शिकेत आणि समुद्राच्या पाण्यात वाचावं लागतं, आणि तिथे ते फार स्पष्ट लिहिलेलं असतं.

आधी उशिराचं बघू. संकष्टीचा चंद्र म्हणजे पौर्णिमेनंतरच्या तिसऱ्या-चौथ्या रात्रीचा चंद्र. चंद्रोदयाला वद्य चतुर्थी चालू असायला हवी, म्हणजे पौर्णिमेला सूर्याच्या बरोबर समोर असलेला चंद्र तिथून ३६ ते ४८ अंश पूर्वेकडे सरकलेला असतो. पौर्णिमेचा चंद्र साधारण सूर्यास्ताच्या सुमारास उगवतो आणि नंतर रोज सरासरी पन्नास मिनिटं उशीर करतो. ही पन्नास मिनिटं सरासरीची. मुंबईच्या अक्षांशावर भाद्रपद-आश्विनाच्या वद्य पक्षात हा रोजचा उशीर चाळीस मिनिटांच्या आसपास असतो आणि चैत्र-वैशाखात पंचावन्नच्या आसपास, कधी त्याहूनही जास्त. शिवाय सूर्यास्त स्वतःच हलतो. ऑक्टोबरच्या मध्यावर मुंबईत सव्वासहाच्या सुमारास सूर्य मावळतो, मे महिन्यात सातच्या पुढे. आता हिशेब मांडा. आश्विनात सव्वासहापासून साडेतीन दिवसांचे चाळीस-बेचाळीस मिनिटांप्रमाणे जवळपास अडीच तास, म्हणजे पावणेनऊ. वैशाखात सात-पाचपासून साडेतीन दिवसांचे चोपन्न मिनिटांप्रमाणे तीन तासांहून थोडं जास्त, म्हणजे सव्वादहा. काकूंच्या दोन्ही वेळा अशा जुळून येतात, आणि त्यात अंतराचा कुठेच उल्लेख नाही.

रोजचा उशीर ऋतूप्रमाणे का बदलतो, हे अपोलो बंदरावर, म्हणजे गेटवे ऑफ इंडियाच्या धक्क्यावर, उभं राहिलं की डोळ्यांना दिसतं. बंदराच्या कठड्यावरून पूर्वेकडे तोंड केलं तर डाव्या हाताला, पूर्वेपासून पंचवीसेक अंश उत्तरेकडे, घारापुरी. उजव्या हाताला जवळजवळ तेवढ्याच अंशांवर दक्षिणेकडे उरण. शरदातल्या पौर्णिमेनंतर चंद्र रोज उगवताना डावीकडे, घारापुरीच्या दिशेने सरकतो. उत्तरेकडे सरकणारी गोष्ट आपल्या अक्षांशावर लवकर उगवते, त्यामुळे चंद्राने पूर्वेकडे सरकून केलेला उशीर काही अंशी भरून निघतो. वसंतातल्या पौर्णिमेनंतर तो उजवीकडे, उरणकडे सरकतो. दक्षिणेकडे जाणारी गोष्ट उशिरा उगवते, म्हणजे उशिरात उशिराची भर. युरोपात, जिथे अक्षांश पन्नासच्या पुढे असतात, तिथे शरदात हा उशीर पंधरा-वीस मिनिटांपर्यंत उतरतो. आपण विषुववृत्ताच्या बरेच जवळ, म्हणून आपल्याकडे तो इतका खाली जात नाही.

दिनदर्शिकेत छापलेली वेळ सपाट क्षितिजाची असते, हे मात्र मुंबईत विसरून चालत नाही. तीनशे मीटरवर साठ मीटर उंचीची, म्हणजे साधारण वीस मजल्यांची इमारत उभी असेल तर ती आकाशाचे अकरा अंश झाकते. उगवलेला चंद्र तासाला जेमतेम चौदा अंश वर चढतो. म्हणजे त्या इमारतीच्या गच्चीवरून तो डोकावायला पाऊण तासाहून जास्त वेळ लागतो. एक किलोमीटरवर दोनशे मीटरचा टॉवर असेल तरी हिशेब तोच. गिरगाव, लालबाग, परळमधल्या जुन्या गॅलऱ्यांतून चंद्रोदय गेल्या वीस-तीस वर्षांत असा हळूहळू पुढे गेला आहे आणि त्याची नोंद कुठल्याही पंचांगात नाही. अशा वेळी छापील वेळेला अर्घ्य देऊन मोकळं व्हावं, असं माझं स्पष्ट मत आहे. चंद्र उगवलेलाच असतो. आणि नागपूरच्या बहिणीने फोनवर "आमच्याकडे दिसला" म्हटलं तर तेही बरोबर. नागपूर मुंबईच्या सव्वासहा रेखांश पूर्वेला आहे, म्हणून तिथे तो पंचवीसेक मिनिटं आधी उगवतो.

आता आजींच्या उत्तराकडे येतो. चंद्र जवळ असतो तेव्हा जोरात पळतो आणि लांब असतो तेव्हा रेंगाळतो. जवळ असताना तो दिवसाला पंधरा अंशांहून जास्त पूर्वेकडे सरकतो, लांब असताना बारा अंशांपेक्षा कमी. जितका जास्त सरकेल तितका दुसऱ्या दिवशी उगवायला उशीर.

म्हणजे रोजचा उशीर जास्त करतो तो जवळचा चंद्र.

शाळेत पाठ केलेला ३,८४,४०० किलोमीटरचा आकडा ही सरासरी आहे. चंद्राची कक्षा लंबवर्तुळ आहे आणि तेही आकार बदलणारं. पृथ्वीला सर्वांत जवळचा बिंदू, उपभू, हा दर फेरीत वेगळ्या अंतरावर पडतो. कधी ३,५६,४०० किलोमीटरवर, कधी ३,७०,४०० वर. सर्वांत लांबचा बिंदू, अपभू, मात्र ४,०४,००० ते ४,०६,७०० एवढ्यातच राहतो. लांबचं टोक फारसं हलत नाही, जवळचं टोक चौदा हजार किलोमीटर हलतं. हे सूर्यामुळे होतं. कक्षेचा लांब अक्ष सूर्याच्या दिशेने वळलेला असतो, म्हणजे उपभू पौर्णिमेला किंवा अमावास्येला येतो, तेव्हा सूर्याच्या ओढीने कक्षा आणखी लंबुळकी होते. हा अक्ष सूर्याशी काटकोनात असतो, म्हणजे उपभू अष्टमीच्या आसपास येतो, तेव्हा कक्षा गोलाईकडे झुकते. त्यामुळे सर्वांत जवळचा चंद्र नेहमी पूर्ण भरलेला तरी असतो किंवा अजिबात न दिसणारा तरी. अष्टमीचा चंद्र कधीच विक्रमी जवळ नसतो.

उपभूपासून पुढच्या उपभूपर्यंत सरासरी २७.५५ दिवस लागतात, पौर्णिमेपासून पौर्णिमेपर्यंत २९.५३. दोन्हींमध्ये दर महिन्याला दोन दिवसांची घसर. त्यामुळे उपभू आणि पौर्णिमा एकत्र आल्या की तीन-चार महिने जवळपास राहतात, मग सुटतात आणि सुमारे ४१२ दिवसांनी पुन्हा भेटतात. वर्षाला ही भेट एक-दोन महिने पुढे जाते. २०२४ मध्ये ती कोजागरीला आली होती, २०२५ मध्ये त्रिपुरारी पौर्णिमेला, २०२६ मध्ये २४ डिसेंबरच्या मार्गशीर्ष पौर्णिमेला. आणि अर्ध्या चक्राच्या पलीकडे लांबची पौर्णिमा असते. २०२६ ची सर्वांत लांबची पौर्णिमा ३१ मेची, अधिक ज्येष्ठातली, चंद्र सुमारे ४,०६,००० किलोमीटरवर. डिसेंबरची सुमारे ३,५६,७०० वर. एकाच वर्षातल्या दोन पौर्णिमांमध्ये एकोणपन्नास हजार किलोमीटर, म्हणजे पृथ्वीच्या परिघापेक्षा जास्त. अगदी विक्रमी जवळच्या पौर्णिमा बहुधा हिवाळ्यात येतात, कारण पृथ्वी स्वतः सूर्याच्या सर्वांत जवळ जानेवारीच्या सुरुवातीला असते आणि सूर्याची ओढ तेव्हा अधिक असते. १४ नोव्हेंबर २०१६ च्या त्रिपुरारी पौर्णिमेच्या आगेमागे चंद्र ३,५६,५०९ किलोमीटरवर आला होता, १९४८ नंतरचा सर्वांत जवळचा. त्याहून जवळची पौर्णिमा २५ नोव्हेंबर २०३४ ला आहे, सुमारे ३,५६,४४५ किलोमीटरवर.

एवढं सगळं वाचून मरीन ड्राइव्हवर किंवा गच्चीवर गेलेल्या माणसाला काय दिसतं? नेहमीचाच चंद्र. 'सुपरमून' हा शब्द १९७९ मध्ये रिचर्ड नोल या अमेरिकी ज्योतिषाने काढला आणि अलीकडे बातम्यांमध्ये तो वर्षाला तीन-चार वेळा येतो. लोक मुलांना कडेवर घेऊन बघायला येतात, याचा मला मनापासून आनंद आहे. पण बातमीतल्या चित्रात इमारतींच्या मागे अर्धं आकाश व्यापणारा चंद्र असतो आणि प्रत्यक्षात तसा तो नसतो, म्हणून लहान मुलं हिरमुसतात, आणि याचं तितकंच वाईट वाटतं. चंद्रबिंबाचा व्यास २९.४ ते ३३.५ कलांच्या (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग) दरम्यान बदलतो. लांबच्या पौर्णिमेपेक्षा जवळच्या पौर्णिमेचं बिंब चौदा टक्क्यांनी रुंद, प्रकाश तीस टक्क्यांनी जास्त. दोन्ही शेजारी ठेवली तर फरक लगेच दिसेल, पण त्यांच्यात सात महिने असतात आणि डोळ्यांना सात महिन्यांपूर्वीचं माप आठवत नाही. हात पूर्ण लांब करून करंगळीचं नख समोर धरलं तर ते चंद्राच्या जवळपास दुप्पट रुंद भरतं. अर्धा अंश म्हणजे एवढंच.

उगवताना मोठा दिसणारा चंद्र हा निव्वळ मनाचा भास आहे, आणि तोही एका मिनिटात तपासता येतो. वर्तमानपत्राच्या कागदाची अरुंद नळी करायची, एक डोळा मिटून तिच्यातून क्षितिजावरचा चंद्र बघायचा. आजूबाजूच्या इमारती, बोटींचे दिवे दिसेनासे झाले की तो लगेच लहान होतो. मजा अशी की क्षितिजावरचा चंद्र वास्तविक किंचित लहानच असतो. तो माथ्यावर येतो तेव्हा आपण पृथ्वीच्या त्रिज्येएवढे, म्हणजे सहा हजारांवर किलोमीटर त्याच्या जवळ गेलेले असतो आणि बिंब दीड-पावणेदोन टक्क्यांनी मोठं असतं.

ज्यांना फरक स्वतः मोजायचा आहे त्यांनी कॅमेरा घ्यावा. सेन्सरवर पडणाऱ्या बिंबाचा व्यास म्हणजे भिंगाचं नाभीय अंतर भागिले साधारण ११०. दोनशे मिलिमीटरच्या भिंगाने लांबच्या चंद्राचं बिंब १.७१ मिमी पडतं, जवळच्याचं १.९५ मिमी. सेन्सरचे पिक्सेल चार मायक्रॉनचे असतील तर ४२८ विरुद्ध ४८७. साठ पिक्सेलचा फरक कुणीही मोजू शकतो. पण त्यासाठी दोन्ही वेळा भिंग तेच, झूम तोच आणि चंद्राची उंची शक्यतो सारखी हवी. आयएसओ १००, छिद्र एफ ११, वेळ सेकंदाचा सव्वाशेवा भाग, इथून सुरुवात करावी. बहुतेकांचं चुकतं ते इथेच: रात्र आहे म्हणून जास्त वेळ उघडीप दिली जाते, बिंब पांढरंफेक होऊन कडेने पसरतं आणि पाच-दहा पिक्सेल उगाच वाढतात. मोबाइलच्या चंद्रचित्रांवर मोजमाप करू नये. बरेच मोबाइल चंद्र ओळखून कडा स्वतःच घासूनपुसून घेतात. आणि मुंबईच्या हिवाळ्यातल्या धुरकट हवेत चंद्र तीस अंशांच्या वर चढेपर्यंत थांबावं. त्याखाली कड थरथरते आणि वायुमंडलातल्या वक्रीभवनामुळे बिंब वरून-खालून थोडं चपटं होतं, म्हणून व्यास आडवा मोजावा.

कॅमेरा नसला तरी दिनदर्शिका असतेच. चंद्र सूर्यापासून बारा अंश पुढे जाईपर्यंतचा वेळ म्हणजे एक तिथी. चंद्र जवळ असून पळत असेल तर तिथी वीस तासांच्या आसपास आटोपते. लांब असून रेंगाळत असेल तर पावणेसत्तावीस तासांपर्यंत लांबते. आखूड तिथी एका सूर्योदयानंतर सुरू होऊन पुढच्या सूर्योदयाआधी संपली की तिचा क्षय. लांबट तिथीने दोन सूर्योदय गाठले की वृद्धी. दिनदर्शिकेच्या पानावर तृतीयेनंतर एकदम पंचमी आली किंवा दोन दिवस ओळीने दशमी छापली असली, की बरेच जण छपाईची चूक समजतात. तो चंद्राच्या अंतराचा मागोवा आहे. क्षयाच्या तिथी बहुतेक उपभूच्या आसपास घोळक्याने येतात, वृद्धीच्या अपभूच्या आसपास. चांद्रवर्षात तिथी ३६० आणि दिवस ३५४, म्हणून क्षय नेहमी वृद्धीपेक्षा पाच-सहाने जास्त. पक्षाचंही तसंच. उपभू पक्षाच्या मधोमध आला तर तो पक्ष चौदा दिवसांच्याही थोडा आत संपतो, अपभू मधोमध आला तर साडेपंधरा दिवसांपर्यंत ताणतो. तेरा दिवसांच्या पक्षाची जी भीती महाभारतापासून चालत आली आहे, तिच्या मुळाशी जवळच्या चंद्राची ही धाव आहे.

या तासांवरून महाराष्ट्रात एकेकाळी मोठे वाद झाले. जुनी पंचांगं 'बाणवृद्धी रसक्षय' मानत. साठ घटिकांची तिथी फार तर पाच घटिका वाढते आणि सहा घटते, म्हणजे ६५ ते ५४ घटिका. प्रत्यक्ष वेध घेतले तर मात्र ती ६७ पर्यंत जाते आणि ५० पर्यंत उतरते, म्हणून 'सप्तवृद्धी दशक्षय'. एक घटिका चोवीस मिनिटांची, म्हणजे फरक दीड तासापर्यंतचा. फरक पडला तो सूर्याच्या ओढीने कक्षेचा आकार बदलतो त्यामुळे; जुन्या गणितात ती दुरुस्ती पुरेशी नव्हती. केरूनाना छत्रे आणि पुढे व्यंकटेश बापूजी केतकर या गणितज्ञांनी आकाशाशी जुळणारं गणित मांडलं, आणि त्यासाठी त्यांना पुष्कळ विरोध सोसावा लागला. आज घरोघरी जी वेळ बघून उपास सुटतात ती या माणसांनी वेधाला दिलेल्या महत्त्वावर उभी आहे. हे मला फार मोलाचं वाटतं, आणि शाळेच्या पुस्तकांत त्यांच्यावर चार ओळीही नसाव्यात याची खंत वाटते.

अंतराची सर्वांत रोकडी नोंद मात्र समुद्र ठेवतो.

मुंबईत दिवसाला दोनदा भरती, दोनदा ओहोटी. अपोलो बंदरावरच्या भरतीमापकाच्या नोंदी १८७८ पासूनच्या आहेत आणि १८७९ मध्ये हिंदुस्थानातल्या बंदरांचं भाकीत करण्यासाठी लंडनमध्ये खास यंत्रही बांधलं गेलं होतं. कप्प्या-चाकांचं ते यंत्र, त्यातलं एकेक चाक चंद्र-सूर्याच्या एकेका चालीसाठी. चंद्राच्या कमी-जास्त अंतराची चाकंही त्यात होती. मुंबईला उधाणाची सरासरी भरती ४.४ मीटर, ओहोटी ०.८ मीटर. भांगाला, म्हणजे अष्टमीच्या आसपासच्या लहान भरतीला, भरती ३.३ आणि ओहोटी १.९. म्हणजे उधाणाला पाणी ३.६ मीटर चढतं-उतरतं, भांगाला जेमतेम १.४. डोलीने मासेमारी करणारे वेसावे-मढचे कोळी हे अंगातच घेऊन जगतात. डोल जाळं खुंटाला बांधून प्रवाहाच्या तोंडावर उघडं ठेवायचं असतं, मासळी आत लोटायला पाण्याला ओढ हवी आणि ती उधाणालाच असते. भांगाच्या दिवसांत जाळी दुरुस्तीला निघतात.

भरतीची वेळ काढायची किनाऱ्यावरची रीत सोपी आहे. तिथीला पाऊणने गुणायचं. चतुर्थीला चार गुणिले पाऊण, तीन. म्हणजे दुपारी आणि पहाटे तीनच्या सुमारास भरती, नऊच्या सुमारास ओहोटी. अष्टमीला सहा. पौर्णिमेला सव्वाअकरा. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, अष्टमीच्या आसपास जास्तच, कारण सूर्याची भरती चंद्राच्या भरतीला मागेपुढे खेचते. हाजी अलीची वाट कधी पाण्याखाली जाईल याचा अंदाज बांधायला हे पुरतं. पण जलदुर्गावर चालत जाऊन परत यायचं असेल तर या रीतीवर जिवाची जोखीम घेऊ नये, छापील भरतीचा तक्ताच बघावा. सर्वांत मोठं उधाण पौर्णिमा-अमावास्येच्या दिवशी नसून नंतर एक-दोन दिवसांनी येतं, हेही त्या तक्त्यात दिसतं.

भरती आणणारं बल अंतराच्या घनाने बदलतं. बारा टक्के अंतर कमी झालं की बल जवळजवळ दीडपट. सूर्याचा वाटा चंद्राच्या सेहेचाळीस टक्के असल्याने आणि समुद्राच्या तळाचा, किनाऱ्याच्या आकाराचाही हात असल्याने पाणी काही दीडपट चढत नाही. पण उपभूजवळच्या पौर्णिमा-अमावास्येला मुंबईचं उधाण फूटभराने वाढतं. पावसाळ्याच्या आधी महापालिका साडेचार मीटरच्या वरच्या भरत्यांची यादी काढते. त्या यादीतले मोठे आकडे अंतराने ठरवलेले असतात. पर्जन्यजलवाहिन्यांची बरीच तोंडं या पातळीच्या खाली आहेत. समुद्र वर असेल तेव्हा ती बंद ठेवावी लागतात आणि त्याच दोन-तीन तासांत जोरदार पाऊस झाला तर दादरच्या सखल हिंदमाता भागातलं पाणी जाणार कुठे? यादीतला आकडा फक्त चंद्र-सूर्याचा असतो हेही लक्षात ठेवावं. हवेचा दाब एक हेक्टोपास्कलने उतरला की पाणी सुमारे एक सेंटिमीटर चढतं, आणि नैर्ऋत्येचा वारा ते किनाऱ्याशी दाबून धरतो.

या यादीत आणखी एक गोष्ट दडलेली असते. पावसाळ्यातल्या मोठ्या भरत्या दुपारच्या असतात. हिवाळ्यातल्या मध्यरात्रीच्या. डिसेंबरात त्याच दिवसाची रात्रीची भरती पाच मीटरला टेकते आणि दुपारची चार-सव्वाचारवर थांबते. पाण्याचा फुगवटा पृथ्वीच्या दोन बाजूंना असतो, पण विषुववृत्तावर समतोल नसतो. डिसेंबरात सूर्य दक्षिणेला, पौर्णिमेचा चंद्र उत्तरेला, आणि उत्तर गोलार्धातला फुगवटा मध्यरात्रीच्या बाजूला मोठा. अमावास्येला दोघंही दक्षिणेला असतात, तेव्हाही त्यांच्या विरुद्ध बाजूचा फुगवटा उत्तरेत मध्यरात्रीच येतो. जूनमध्ये सगळं उलट. मुसळधार पाऊस आणि दिवसाचं उधाण एकाच ऋतूत येणं ही या शहराच्या अक्षांशाची देणगी म्हणावी की शाप, ते ठरवता येत नाही. गर्दीच्या वेळी, सगळे रस्त्यावर असताना पाणी चढतं हे मात्र खरं.

चंद्राचं असं उत्तर-दक्षिण हलणं घरातही शिरतं. मुंबई १९ अंश अक्षांशावर. २४ डिसेंबर २०२६ च्या पौर्णिमेचा चंद्र विषुववृत्ताच्या २७ अंशांहून थोडा उत्तरेला आहे, म्हणजे २३ तारखेच्या मध्यरात्रीनंतर अर्ध्या तासाच्या आसपास तो माथ्यावर येईल तेव्हा माथ्याच्या आठ अंश उत्तरेला असेल. ज्या घरांना फक्त उत्तरेची खिडकी आहे त्यांच्याही कठड्यावर त्या रात्री चांदणं येईल. चौदा मीटर उंच चाळीच्या सहा मीटर रुंद चौकात चांदणं फरशीपर्यंत पोहोचायला चंद्र ६७ अंशांच्या वर चढावा लागतो. मार्गशीर्षातला चढतो. ज्येष्ठातला दक्षिणेकडे ४३-४४ अंशांवरच थांबतो, त्याचं चांदणं वरच्या दोन मजल्यांखाली उतरतच नाही, आणि बहुधा ढगही आलेले असतात.

हेही दर वर्षी सारखं नसतं. चंद्राची कक्षा सूर्याच्या मार्गाशी पाच अंशांनी कललेली आहे आणि हा कल १८.६ वर्षांत पूर्ण फिरतो. २०२४-२५ मध्ये चंद्र २८ अंशांच्या पुढे उत्तरेला जात होता, आता दर वर्षी थोडा थोडा आत येतोय. २०३४ च्या आसपास तो १८.३ अंशांवरच परत फिरेल. कुलाबा १८.९ वर, बोरिवली १९.२ वर. म्हणजे त्या दोन-एक वर्षांत मुंबईच्या माथ्याच्या उत्तरेला चंद्र एकदाही जाणार नाही. २५ नोव्हेंबर २०३४ चा तो विक्रमी जवळचा चंद्रसुद्धा दक्षिणेकडूनच जाईल. २०१५ मध्येही असंच झालं होतं. उत्तरेच्या खिडक्यांना माथ्यापलीकडचं भरपूर चांदणं पुन्हा २०४३ च्या सुमारास मिळेल. ज्यांची खिडकी उत्तरेला आहे त्यांनी येत्या दोन-तीन हिवाळ्यांतल्या पौर्णिमा सोडू नयेत, आणि पाहायचं ते साडेबारा ते एकच्या दरम्यान.